कडी कुठल्या बाजूला?

आत्या चार महिने वॉर्डात होती तेव्हा मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते. दर रविवारी बाबांबरोबर डबा घेऊन जायचे. तिनं जेवणाची तक्रार कधी केली नाही, औषधांनी जीभ जड होते याचीही नाही. एकदा फक्त भाजी चिवडत म्हणाली, "बाथरूमला आतून कडी नाही गं. एका पायानं दार दाबून धरायचं आणि तांब्या घ्यायचा." एवढंच. मग तिनं पोळीचा तुकडा मोडला.

त्याच आठवड्यात कॉलेजात आम्हाला दारं-खिडक्यांचं ड्रॉइंग होतं. चौकट, बिजागरी, कडी. मी कडी काढली आणि पहिल्यांदाच थांबले: ही कुठल्या बाजूला? आतला माणूस लावणार की बाहेरचा? त्या दिवसापासून एक वही केली. मनाच्या आजारावर उपचार होतात त्या जागांबद्दल जे दिसलं, वाचलं, सुचलं ते तीत उतरवत गेले. त्यातलीच ही काही टिपणं.

*

कडी का नसते, याचं उत्तर कुठलाही डॉक्टर देईल. आजाराच्या भरात कुणी आत कोंडून घेतलं, स्वतःला इजा केली तर? भीती खरी आहे आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिच्यावर तोड आहे, आणि ती महागही नाही. आतून फिरवायची खिट्टी असते, तिच्याच पाठीला बाहेरच्या बाजूनं एक खाच. एरवी आतला माणूस निर्धास्त. वेळ आलीच तर सिस्टर बाहेरून किल्लीनं दार उघडते. दार दोन्ही बाजूंना उघडेल अशी बिजागरी लावली की आत कुणी दाराला टेकून पडलं तरी ते बाहेर ओढून घेता येतं.

सुरक्षा हवी असेल तर अब्रू सोडावी लागते, असं आपण धरून चाललो आहोत. दोन्ही एका दारात बसतात.

*

मराठीत दोन गावांची नावं शिवीसारखी वापरतात. "याला ठाण्याला पोचवा." "येरवड्याला जागा आहे का बघा." शाळेत आम्हीही म्हणायचो. आत्या आजारी पडली आणि माझ्या तोंडातून ती वाक्यं गेली.

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. चारही इंग्रजी अमलातली. मंजूर खाटा येरवड्याला 2540, रत्नागिरीला 365. येरवड्यात मध्यवर्ती कारागृहही आहे. "आमचे अमुक येरवड्याला असतात" असं कुणी म्हणालं, तर कुठल्या भिंतीआड ते ऐकणाऱ्याला कळत नाही. हा गोंधळ नुसता भाषेतला नाही. त्या काळी सरकार दोन्ही इमारती एकाच घाटाच्या बांधायचं: उंच भिंत, एक फाटक, रांगेनं बराकी, प्रत्येक बराकीवर नजर ठेवता येईल अशी मोकळी पट्टी. 1999 साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं देशभरातल्या मनोरुग्णालयांचा अहवाल काढला, तेव्हाही त्यातली कित्येक रुग्णालयं बांधणीनं तुरुंगासारखीच होती. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, कायदे बदलले. भिंत तीच राहिली.

*

व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफनं 1784 मध्ये मनोरुग्णांसाठी एक गोल बुरूज बांधला. पाच मजले, दर मजल्यावर अरुंद खिडकीच्या कोठड्यांचं वर्तुळ. त्या काळच्या मानानं ही दयाच होती, रस्त्यावरून माणसं छपराखाली आली. शहरातल्या लोकांनी बुरुजाला एका गोल केकचं नाव ठेवलं. दयेपोटी बांधलेली इमारतही आतल्या माणसाला हसण्याचा विषय करू शकते.

*

बारा वर्षांनी, 1796 मध्ये, इंग्लंडात यॉर्क गावाबाहेर 'रिट्रीट' सुरू झालं. हॅना मिल्स नावाची विधवा 1790 मध्ये तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली होती. तिच्या क्वेकर पंथाच्या माणसांना तिला भेटूही दिलं गेलं नव्हतं. चहाचे व्यापारी असलेल्या विल्यम ट्यूक यांनी मग क्वेकरांच्या मदतीनं नवं घर उभारलं.

त्या घराच्या दोन गोष्टी मी वहीत ठळक लिहून ठेवल्या आहेत. खिडकीच्या लोखंडी पट्ट्या अशा घडवल्या की लाकडी तावदानाची चौकट वाटावी. आणि दारांच्या बोल्टांवर चामडं चढवलं, म्हणजे रात्री दार लावताना खडखडाट होऊ नये.

कुलूप होतंच. पण अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या कानात ते कसं वाजतं, याचा कुणीतरी विचार केला आणि त्यासाठी चामड्याचे पैसे मोजले. दोनशेहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडच्या वॉर्डाचा लोखंडी सरकदरवाजा रात्री कसा वाजतो, ते एकदा उभं राहून ऐका.

*

आवाजाबद्दलच. वॉर्ड धुवायला सोपा म्हणून भिंतींना पुरुषभर उंच टाइल्स, खाली कोटा फरशी, वर काँक्रीटची स्लॅब. सगळं कठीण. स्टीलची ताटं आपटली की आवाज तीनदा फिरून येतो. किल्ल्यांचा जुडगा, ट्रॉलीची चाकं, कुणाची हाक, सगळं घुमतं. ज्याला आधीच कानात आवाज ऐकू येतात, त्याला या घुमणाऱ्या खोलीत आपण ठेवतो आणि मग "शांत बसा" म्हणतो.

उपाय साधे आहेत. छताला आवाज शोषणारी पाटी, पडदे, ट्रॉलीला रबरी चाकं, जेवणघर झोपायच्या खोल्यांपासून लांब. नकाशा काढतानाच सुचले तर खर्च थोडा येतो.

*

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला एक प्रयोग मला फार आवडतो. 1950 च्या दशकात तिथं वृद्ध स्त्रियांचा वॉर्ड नव्यानं रंगवला होता, छान खुर्च्या आणल्या होत्या, तरी बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. रॉबर्ट सॉमर हा तरुण मानसशास्त्रज्ञ तिथं बघत बसला. सगळ्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीनं मांडलेल्या. शेजारणीशी बोलायचं तर मान पिरगाळायची, समोरचीशी बोलायचं तर खोलीभर ओरडायचं. त्यानं छोटी टेबलं आणवली आणि त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या. काही आठवड्यांत बायकांमधलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं.

औषध तेच, बायका त्याच. खुर्च्या फिरल्या.

आपल्या ओपीडीतली बाकं आठवा. जमिनीत रोवलेली, एकापाठोपाठ एक, सगळ्यांची तोंडं डॉक्टरच्या दाराकडे. बसायला आलेल्याला पुढच्याची पाठ दिसते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आपण समोरासमोर बसतो.

*

त्याच प्रांतात कियोशी इझुमी हे वास्तुविशारद मनोरुग्णालयाच्या रचनेवर काम करत होते. रुग्णाला ही इमारत कशी दिसत असेल ते उमजावं म्हणून डॉक्टर हम्फ्री ऑझमंड यांच्या देखरेखीखाली त्यांनी एलएसडी घेतलं आणि जुन्या वॉर्डांतून फिरले. जाणिवा विस्कटल्यावर लांबलचक, एकसारखा कॉरिडॉर संपता संपेना, अंगावर आला. पुढे यॉर्कटन इथल्या रुग्णालयाचा आराखडा करताना त्यांनी लांब कॉरिडॉर टाळले आणि एकेका सामायिक बैठकीभोवती मोजक्या खोल्यांचे छोटे गट केले.

त्यांचा मार्ग आज कुणी धरू नये, आणि धरायची गरजही नाही. ज्यांनी ते दिवस काढलेत ती माणसं आपल्यात आहेत. त्यांना विचारावं. मी आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पॅसेजच्या टोकाला उजेड असायचा, त्यामुळे समोरून येणारं माणूस नुसतं काळं दिसायचं. तोंड दिसेपर्यंत छातीत धडधडायचं." कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी द्यावी, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात. ती बाजूच्या भिंतीत द्यावी, हे मला आत्यानं शिकवलं.

*

खिडकीबद्दल पुरावा पक्का आहे. रॉजर उलरिख यांनी 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

मनाच्या आजाराबाबत मिलानचं काम आहे, 2001 चं. द्विध्रुवी आजारातल्या नैराश्यासाठी भरती झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खोल्या पूर्वेच्या, सकाळच्या उन्हाच्या, ते पश्चिमेच्या खोलीतल्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून अधिक लवकर बरे होऊन गेले. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. खोल्या तशाच वाटल्या गेल्या होत्या.

आपल्याकडे सकाळचं ऊन भरपूर. विदर्भात, मराठवाड्यात पश्चिमेची भिंत मात्र मार्च ते जून तापते आणि रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडते. झोप हा इथं अर्धा उपचार असतो. तेव्हा पूर्वेला खाटा, पश्चिमेला जिना, कपडे धुण्याची जागा, भांडार. हे कुठल्याही जुन्या घराच्या मिस्त्रीला सांगावं लागत नसे.

*

रंगाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते. "मॅडम, कुठला रंग शांत करतो?" 1979 मध्ये सिॲटलच्या नौदलाच्या कोठडीत एक विशिष्ट गुलाबी रंग लावला, कैदी शांत झाले असं जाहीर झालं, आणि जगभर तो रंग लागला. पुढच्या अभ्यासांत तो परिणाम टिकला नाही.

रंगाचं काम वेगळं आहे. आपलं दार कुठलं ते कळणं. चार वॉर्डांची दारं चार रंगांची असली की औषधाच्या गुंगीतलं माणूस सुद्धा "आमचं निळं" म्हणून परत येतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसाठी हे आणखी महत्त्वाचं. त्यांना चकचकीत फरशी ओली वाटते, फरशीतला गडद पट्टा खड्डा वाटतो, आणि त्या पट्ट्याशी ते अडून उभे राहतात. आपण त्याला हट्ट म्हणतो.

*

आत्याच्या वॉर्डात तीन गोष्टी नव्हत्या: घड्याळ, कॅलेंडर, आरसा.

घड्याळ काचेचं म्हणून नाही. कॅलेंडरला खिळा लागतो म्हणून नाही. आरसा तर नाहीच. दिवाळीच्या आदल्या रविवारी आत्यानं मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "माझी टिकली मध्ये आहे का गं?" तिनं दोन महिने स्वतःचा चेहरा पाहिला नव्हता. मी रुमालानं तिचं कपाळ पुसलं, टिकली काढून परत लावली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून आली आणि तिनंही कपाळ पुढे केलं. मग आणखी एक. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले.

न फुटणारा ॲक्रिलिकचा आरसा मिळतो. भिंतीत बसवता येतो. घड्याळाला काच लागतच नाही. आणि कालनिर्णय डिंकानं चिकटतो. आज कुठला वार, चतुर्थी कधी, पोरांच्या परीक्षा कधी, हे समोर दिसणं म्हणजे माणसाचा घराशी धागा राहणं आहे.

*

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा, लागू झाला 29 मे 2018 ला. मी तो आर्किटेक्टच्या डोळ्यांनी वाचते. विसावं कलम म्हणतं, रुग्णाला हवं असेल तर त्याला स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, गणवेशाची सक्ती नको. याचा अर्थ प्रत्येक खाटेशी एक कुलूपबंद कपाट हवं, वाळत घालायला जागा हवी. कपाटाविना तो हक्क कागदावरच राहतो. त्याच कलमात खासगीपणा आहे. म्हणजे खाटांमध्ये आडोसा. करमणुकीची सोय आहे. म्हणजे टीव्हीशिवायही काही. सक्तीनं डोकं भादरण्याला बंदी आहे. 97 वं कलम एकांतकोठडीत कोंडायला मनाई करतं.

कोठडी गेली, पण शांत खोली हवीच. गलका असह्य झाला की जिथं जाऊन बसता येईल अशी, मंद उजेडाची, बसायला मऊ काहीतरी असलेली. दोन्ही खोल्यांचा नकाशा कागदावर जवळपास सारखा दिसतो. फरक एवढाच की शांत खोलीत माणूस आपण होऊन जातो आणि आपण होऊन बाहेर येतो.

*

मनोविकारावरच्या काही औषधांनी पायांना चैन पडत नाही. माणूस बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. वॉर्ड लहान असला तर भिंतीला आपटून वळतो, दुसऱ्याच्या खाटेला धक्का लागतो, भांडण होतं आणि केसपेपरवर लिहिलं जातं: आक्रमक.

चालायला गोल वाट द्यावी. जिथून निघालं तिथंच परत येणारी, मध्ये कुठं बंद दार न लागणारी. कोकणात चार महिने पाऊस, तेव्हा ती छपराखालून जाणारी हवी. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, काहींनी ऊन सोसत नाही. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी होऊन चालत नाही. म्हणून वाटेवर सावली आणि दर वळणावर पिण्याचं पाणी. औषधांची माहिती आर्किटेक्टनं घ्यायची असते, ती यासाठी.

*

आपल्या जुन्या घरात रस्ता आणि माजघर यांच्यामध्ये किती पायऱ्या होत्या! अंगण, पडवी, ओसरी, मग माजघर. पडवीत बसलेलं माणूस घरात असतं आणि नसतंही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघता येतं, कुणी "काय म्हणता?" म्हटलं तर मान हलवता येते, नाही बोललं तरी वावगं दिसत नाही.

नैराश्यातून वर येणाऱ्या माणसाला नेमकी हीच जागा लागते. एकदम माणसांत जाणं झेपत नाही, खोलीत पडून राहणं बरं नाही. वॉर्डाच्या नकाशात मात्र दोनच जागा असतात: खाट आणि हॉल. मधली पडवी कुणी काढत नाही, कारण खर्चाच्या तक्त्यात तिचा रकाना नसतो. माझ्या नकाशांतून पहिली काट पडवीवरच पडते आणि तिच्यासाठीच मी सगळ्यात जास्त भांडते.

*

'मुक्तांगण' हे नाव मला म्हणूनच मोलाचं वाटतं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ऑगस्ट 1986 मध्ये हे व्यसनमुक्ती केंद्र येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं. भिंतीआडच्या जागेला त्यांनी अंगण म्हटलं. जागेला काय म्हणतो यावरून तिथं कसं वागायचं ते ठरत जातं.

*

अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात एक काम केलं. रुग्णाच्या घरच्यांना म्हणाले, सोडून जाऊ नका, इथंच राहा. इमारतीत जागा नव्हती, म्हणून आवारात तंबू ठोकले. आई, भाऊ, बायको रुग्णासोबत तंबूत राहू लागले. शुश्रूषा शिकले, आजार म्हणजे काय ते समजून घेतलं, आणि बरं झाल्यावर त्याला सोबत घेऊन गेले.

मी कितीतरी नव्या रुग्णालयांचे नकाशे पाहिलेत. त्यांत नातेवाइकांसाठी 'प्रतीक्षा कक्ष' असतो. झोपायला जागा, चार भांडी घासायला नळ, चुलीची सोय, हे नसतं. मग जिन्याखाली सतरंजी टाकून आई झोपते आणि वॉचमन तिला उठवतो. आपल्याकडे आजारी माणसाबरोबर घर येतं. घराला जागा न देणारा नकाशा आपल्या माणसांसाठी काढलेला नाही.

*

6 ऑगस्ट 2001. तमिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात पहाटे आग लागली. छप्पर गवताचं, माणसं साखळदंडानं बांधलेली. 28 जण मेले. 2017 च्या कायद्यानं साखळीनं बांधण्यावर पूर्ण बंदी घातली.

या पानावर मी आणखी काही लिहिलेलं नाही.

*

अमेरिकेतल्या थॉमस किर्कब्राइड यांनी 1854 मध्ये मनोरुग्णालयाच्या बांधणीवर सबंध पुस्तक लिहिलं. पाकोळीच्या पंखांसारखे मागे सरकत गेलेले वॉर्ड, प्रत्येकाला वारा, प्रत्येकाला बाहेरची हिरवळ. त्यांनी एक आकडाही दिला: एका रुग्णालयात 250 हून अधिक रुग्ण नकोत. त्यांच्या धर्तीवर कितीतरी इमारती उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांतल्या अनेकींत हजारांनी माणसं कोंबली गेली. पंख तसेच राहिले, वारा बंद झाला.

माणसांची संख्या हाही नकाशाचाच भाग आहे. ती पाळली नाही तर उत्तम नकाशाचीही बराक होते.

*

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात 2006 मध्ये मनोविकारांचं नवं रुग्णालय उघडलं. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर, रुग्णांचे लहान गट, बागेत जायची मुभा, हलवता येतील अशा खुर्च्या. जुन्या इमारतीशी तुलना केली तेव्हा रुग्णांना बांधून ठेवावं लागण्याचे प्रसंग कमी झालेले आढळले. उलरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2018 मध्ये मांडलं.

आपल्याला स्वतंत्र खोल्या परवडणार नाहीत, असं लगेच उत्तर येतं. मान्य. पण चाळीस खाटांच्या हॉलमध्ये छातीएवढ्या भिंती घालून चार-चार खाटांचे दहा कोपरे करता येतात. विटा, सिमेंट आणि आठ दिवस.

*

जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी. एक खोली, दोन टेबलं. एका टेबलाशी डॉक्टर, दुसऱ्याशी समुपदेशक, मध्ये पडदाही नाही. दारात पुढच्या नंबरची माणसं वाकून बघतायत. डॉक्टर विचारतात, "झोप लागते का? मरावंसं वाटतं का?" आणि बाई मान खाली घालून म्हणते, "नाही, बरं आहे." तिच्याच आळीतली एक बाई केसपेपर घेऊन दारात उभी आहे, ते मला दिसत होतं.

तिथं दोन कामं करून घेता आली. टेबलांमध्ये छतापर्यंत आडभिंत, आणि आत जायचं दार वेगळं, बाहेर पडायचं वेगळं. रडून डोळे पुसत निघालेल्या माणसाला रांगेसमोरून जावं लागू नये म्हणून. तिथल्या मावशींनी तिसरं काम सुचवलं: बाहेर पडायच्या दाराशी बेसिन. तोंड धुऊन जाता येतं. हे मला सुचलं नव्हतं.

*

टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला इमारत लागत नाही. ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येतं. पण बोलणाऱ्याला कोपरा लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथं सून कुठं बसून सांगणार की मला जगणं नकोसं झालंय? वाचनालय, ग्रामपंचायत, कॉलेज, बसस्थानक, कुठंही आवाज बाहेर न जाणारी, आतून कडी लागणारी एक लहान खोली ठेवता येईल. पूर्वी एसटीडी बूथ होतेच की.

*

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत काम सुरू केलं. खोली मिळाली नाही. मिळाल्या 14 आज्या, आरोग्यसेविका. दवाखान्याबाहेर झाडाखाली लाकडी बाक टाकलं आणि त्यावर बसून आज्या लोकांचं ऐकू लागल्या. आधी त्याला मानसिक आरोग्याचं बाक म्हणायचे, तेव्हा कुणी फिरकेना. आज्या म्हणाल्या, नाव बदला. मैत्रीचं बाक झालं आणि माणसं येऊन बसू लागली. 2016 मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. नैराश्य आणि चिंतेची लक्षणं खरोखर कमी झाली होती. त्यांच्या शोना भाषेत त्या दुखण्याला शब्द आहे, कुफुंगिसिसा: फार विचार करणं. आपण म्हणतो, "विचार करकरून डोकं फिरायची वेळ आली." दुखणं एकच.

आपल्या गावात पार असतो. दगडी, वडाभोवती. तिथं बसायचा मान मात्र अजून पुरुषांचाच. बायकांसाठी पार कुठं, हा प्रश्न मी दर आराखड्याच्या बैठकीत मांडते.

*

इटलीतलं त्रिएस्ते. 1971 मध्ये फ्रांको बझालिया मनोरुग्णालयाचे संचालक झाले तेव्हा आत सुमारे 1200 माणसं होती. 1973 मध्ये रुग्ण, कलावंत, कर्मचारी यांनी मिळून एका रिकाम्या वॉर्डात लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा प्रचंड निळा घोडा केला. नाव मार्को कावाल्लो, रुग्णालयाच्या धोब्याची गाडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याचं. घोडा तयार झाला आणि लक्षात आलं की तो दारातून जात नाही. तेव्हा दार फोडलं. घोड्यामागून रुग्ण शहरात चालत गेले. 1978 च्या मे महिन्यात इटलीनं कायदा करून नवी मनोरुग्णालयं उभारणं थांबवलं आणि उपचार वस्तीत, माणसांजवळ नेले. ते जुनं आवार आज सगळ्यांसाठी उघडं उद्यान आहे, त्यात गुलाब आहेत.

वीस वर्षं मी दारं काढतेय. काही दारं फोडण्यासाठीच असतात, हे मला या घोड्यानं सांगितलं.

*

आत्या बरी होऊन घरी आली त्याला आता बरीच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. तिची अंघोळ लांबते. पूर्वी घरातले दार वाजवायचे. आता कुणी वाजवत नाही. आत पाण्याचा आवाज येतो, मध्येच ती गुणगुणते.

*

वहीचं शेवटचं पान वाचणाऱ्यासाठी.

तुमचं माणूस अशा वॉर्डात असेल, किंवा कधी कुणाला भेटायला गेलात, तर डब्याबरोबर नजरही घेऊन जा. खाटेशी कपाट आहे का बघा. घड्याळ, कॅलेंडर, आरसा बघा. खुर्च्या कशा मांडल्यात ते बघा, आणि भिंतीला लावलेल्या असतील तर परवानगी घेऊन फिरवा. बाथरूमचं दार आतून लागतं का, ते स्वतः लावून बघा. लागत नसेल तर तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 2017 च्या कायद्याच्या 28 व्या कलमानं हा हक्क रुग्णाला दिला आहे. तिथं दाद मिळाली नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. अर्जात फार लिहायची गरज नाही. एक ओळ पुरते: बाथरूमला आतून लागणारी आणि गरज पडल्यास बाहेरून उघडणारी कडी बसवावी.